गुलाबी दगड आणि थरथरता हात

निसर्गात हिरवे, काळे, तांबडे दगड उदंड आहेत. परंतु निखळ गुलाबी रंगाचा दगड मात्र दुर्मीळच म्हणावा लागेल. शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत गुलाबी दगड म्हणून जे काही मांडलेले असते, त्यात प्रामुख्याने तीन खनिजे आढळतात. पहिला गुलाबी क्वार्ट्झ. फिकट, दुधात गुलाबपाणी मिसळावे तसा. दुसरा ऱ्होडोक्रोसाइट; गुलाबी आणि पांढऱ्या वलयांचा, अर्जेंटिनाने ज्याला आपला राष्ट्रीय दगड मानले आहे तो. आणि तिसरा ऱ्होडोनाइट. गडद गुलाबी अंगावर काळ्या शाईने रेघोट्या ओढाव्यात तशा शिरा असलेला. हा तिसरा दगड आमच्या घरी गेली चाळीस वर्षे आहे, आणि गेल्या पाच वर्षांत त्याच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलून गेली आहे. ज्यांच्या घरी वृद्ध माणसाची शुश्रूषा चालू आहे, अशा वाचकांना त्या बदलाची हकीकत उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहिण्यास बसले आहे.

माझे वडील नागपूर-भंडारा पट्ट्यातील एका मँगॅनीज खाणीत सदतीस वर्षे हजेरीबाबू होते. पहाटेच्या पाळीला कोण आले, कोण आले नाही, कोणाची किती टोपली भरली, याचे हिशेब ठेवणे हे त्यांचे काम. आमचे बालपण खाणीच्या वसाहतीत गेले. तेथील मुलांना काळा दगड म्हणजे कामाचा आणि गुलाबी दगड म्हणजे टाकाऊ, एवढे भूशास्त्र कोणी न शिकवता कळत असे. काळ्या दगडात धातूचे प्रमाण अधिक, म्हणून तो रेल्वेच्या वाघिणीत भरला जाई. गुलाबी दगडात धातू सिलिकाशी घट्ट बांधलेला, म्हणून तो ढिगाऱ्यावर फेकला जाई. त्याच ढिगाऱ्यातून साहेबांची परवानगी घेऊन बाबांनी एक तुकडा घरी आणला होता. फरशा घासणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी त्याची एक बाजू गुळगुळीत करून घेतली. तेव्हापासून तो त्यांच्या टेबलावर कागद दाबण्याच्या कामी आला.

या दगडाचे गुणधर्म अभ्यासण्याजोगे आहेत. त्याचे नाव १८१९ साली जर्मनीतील यशे या खनिजवेत्त्याने ठेवले. ग्रीक भाषेत ‘ऱ्होडोन’ म्हणजे गुलाब. मँगॅनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजन या तीन मूलद्रव्यांचा तो मुख्यत्वे बनलेला असून त्यात थोडे कॅल्शियमही असते. त्याचा गुलाबी रंग मँगॅनीजमुळेच येतो. त्याची कठिनता साडेपाच ते साडेसहा, म्हणजे साध्या चाकूच्या पात्याने त्यावर सहसा ओरखडा उठत नाही, पण क्वार्ट्झने उठतो. ऱ्होडोक्रोसाइट मात्र मऊ असतो, त्यावर चाकू सहज चालतो. हातात घेताच ऱ्होडोनाइटचे वजन जाणवते, कारण तो पाण्याच्या साडेतीन पट जड असतो. आपल्या अंगणातला तेवढ्याच आकाराचा सामान्य दगड त्याहून बराच हलका भरेल. त्याच्या अंगावरील काळ्या शिरा म्हणजे मँगॅनीजची ऑक्साइडे. हवा आणि ओल यांच्या संगतीत गुलाबी पृष्ठभागाचे हळूहळू काळ्या ऑक्साइडात रूपांतर होत जाते. म्हणूनच उघड्यावर पडलेला ऱ्होडोनाइट वरून कोळशासारखा दिसतो. फोडल्यावरच आतला गुलाब दृष्टीस पडतो. आमच्या तुकड्याचीही न घासलेली बाजू आता जवळजवळ काळीच आहे.

त्याची घडण तर कल्पनेला थक्क करणारी आहे. जीवांना कवचे आणि हाडे येण्याच्या कितीतरी आधी, आज जेथे रामटेकची टेकडी आणि भंडाऱ्याची भातशेते आहेत त्या प्रदेशात समुद्र होता. त्याच्या तळाशी चिखल, वाळू आणि मँगॅनीजयुक्त गाळ यांचे थर साचले. पुढे भूकवचाच्या हालचालींत ते थर खोल गाडले गेले, दाबले गेले, वळ्या पडून चेंगरले गेले आणि उष्णतेने आतल्या आत पालटले. वितळले मात्र नाहीत. घन अवस्थेतच त्यांतील कण एकमेकांशी नव्याने जुळले. वाळूतील सिलिका आणि गाळातील मँगॅनीज यांच्या अशा जुळणीतून ऱ्होडोनाइट जन्माला आला. आपल्याकडे तो ज्या खडकांच्या संगतीत सापडतो त्यांना ‘गोंडाइट’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील फर्मोर यांनी १९०९ साली भारतातील मँगॅनीज साठ्यांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून हे नाव रूढ झाले. ते या प्रदेशातील गोंड लोकांवरून दिलेले आहे. ज्यांच्या भूमीतून हे सारे निघाले त्यांचे नाव निदान खडकाला तरी मिळाले, असे बाबा नेहमी म्हणत.

आमच्याकडे ढिगाऱ्यावर पडणारा हा दगड रशियात राजवैभवाचा मानकरी ठरला. उरल पर्वतात त्याचे मोठे साठे आहेत आणि तेथील लोक त्याला ‘ओरलेत्स’, म्हणजे गरुडाचा दगड, म्हणतात. गरुड आपल्या घरट्यात हे खडे नेऊन ठेवतो अशी तिकडची लोकसमजूत. त्याच्या फुलदाण्या, पेट्या, मेजांचे पृष्ठभाग घडवले गेले. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेतील मायाकोव्स्काया स्थानकाच्या खांबांनाही त्याची सजावट लाभली. परंतु त्याचे सर्वांत भव्य रूप सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल कॅथेड्रलमध्ये आहे. दुसऱ्या अलेक्झांडरची पत्नी, सम्राज्ञी मारिया अलेक्झांड्रोव्हना, हिची समाधी ऱ्होडोनाइटची आहे. ती १९०६ साली तेथे बसवण्यात आली. ही सम्राज्ञी क्षयाने दीर्घकाळ खंगून १८८० साली निवर्तली. त्या रोगावर परिणामकारक औषध निघण्यास अजून साठाहून अधिक वर्षे अवकाश होता. जगातला सर्वांत सुंदर गुलाबी दगड तिच्या वाट्याला आला, तो स्मरणचिन्ह म्हणून. दगडाची एवढीच, पण मोठी, योग्यता असते हे मला पुढे वारंवार आठवत राहिले.

बाबांना शहात्तराव्या वर्षी उजव्या हाताची थरथर सुरू झाली. खुर्चीत स्वस्थ बसले असता अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी हलत. अक्षर बारीक होत गेले; हजेरीबुकात ज्यांचे अक्षर छापल्यासारखे उमटे, त्यांची सही मुंगीएवढी झाली. चालताना उजवा हात हलेनासा झाला. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून पार्किन्सनचा आजार असल्याचे सांगितले आणि लेव्होडोपाच्या गोळ्या चालू केल्या. चारसहा आठवड्यांत बाबा पुन्हा स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावू लागले. घरात दिवाळी असल्यासारखे वाटले.

त्यानंतर वर्षभराने माझी आतेबहीण भेटीला आली. मामावर तिचा फार जीव. टेबलावरचा दगड पाहून ती हरखून गेली. गुलाबी दगड हृदयाला आणि नसांना बळ देतो, रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी प्यावे, दिवसा तो हातात धरावा, असे तिला कोणी सांगितले होते. तिने दगड बाबांच्या तळव्यात ठेवला. “मामा, घट्ट धरा. बघा, बघा, हात थांबला!” खरोखरच थरथर थांबली होती. बाबांच्या डोळ्यांत आलेली ती चमक मी विसरू शकत नाही. ज्याच्या शरीराचा एक अवयव त्याची आज्ञा मानीनासा झाला आहे, त्या माणसाला तो अवयव क्षणभर जरी ताब्यात आला तरी काय वाटत असेल, हे सुदृढ माणसाला कळणे कठीण आहे. म्हणून मी त्या वेळी काही बोलले नाही. पाणी मात्र पिऊ दिले नाही; “आधी डॉक्टरांना विचारू,” एवढेच म्हटले.

डॉक्टरांनी हसून ऐकून घेतले आणि बाबांनाच म्हणाले, “काका, घरी गेल्यावर दगडाऐवजी लिंबू धरून पाहा.” आम्ही लिंबू धरवले, हात थांबला. स्वयंपाकघरातली वाटी धरवली, हात थांबला. कारण असे की, या आजारातील थरथर ही मुख्यतः विसाव्याची थरथर असते. हात मांडीवर निवांत पडला असता ती दिसते आणि माणूस हेतुपुरस्सर काही करू लागला, धरू लागला, की ती मंदावते. थोडा वेळ एकाच स्थितीत हात राहिला की ती पुन्हा डोके वर काढते. दगड धरल्यावरही पाचदहा मिनिटांनी हेच होत असे, पण तोवर पाहणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असे. अशा रीतीने एखाद्या वस्तूच्या अंगी नसलेला गुण तिला चिकटतो. त्यात आतेबहिणीची लबाडी नव्हती. तिने डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते, त्याचे कारण तेवढे निराळे होते.

परंतु गोष्ट तेथे थांबली नाही. एके सकाळी स्नानगृहाच्या उंबऱ्यापाशी बाबांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले. दिवसा सोबतीला येणाऱ्या बाईंनी वेळीच कमरेला आधार दिला म्हणून पडणे टळले. गादी झटकताना उशीच्या खोळीत पाच गोळ्या सापडल्या. दगडाने हात थांबतो, मग गोळी कशाला, असा त्यांचा विचार असावा असे मला वाटले. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारले, तेव्हा निराळेच उत्तर आले.

“बेटा,” ते म्हणाले, “हे दुखणं खाणीनंच दिलं ना मला? मग त्यावर गोळी काय करणार? जे आत गेलं ते गेलं.”

कोणा जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोलताना मँगॅनीजच्या धुळीने कंपवाताजोगा आजार होतो, असे त्यांच्या कानी आले होते. सदतीस वर्षांच्या नोकरीचा, ज्या नोकरीवर चार मुलांची शिक्षणे झाली तिचा, हा शेवट असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. दगड हातात धरून ते बरे होण्याची वाट पाहत नव्हते. ते त्याच्याकडे आरोपीकडे पाहावे तसे पाहत होते. शुश्रूषा करणाऱ्यांना मला येथे सांगावेसे वाटते की, वृद्ध माणूस औषध नाकारतो तेव्हा ते केवळ हट्टापायी असते असे नाही. त्यामागे बऱ्याचदा एखादा न विचारलेला प्रश्न असतो, आणि तो प्रश्न सुटल्याखेरीज गोळी घशाखाली उतरत नाही.

तो प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते.

मँगॅनीज हे शरीराला परके नाही. प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात ते अवघे दहा ते वीस मिलिग्रॅम असते, पण हाडांच्या घडणीला, अन्नाच्या पचनक्रियेनंतरच्या अनेक प्रक्रियांना आणि पेशींतील झीज रोखणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला ते लागते. दिवसाला साधारण दोन मिलिग्रॅम पुरते आणि ते गहू, तांदूळ, हरभरा, पालेभाज्या, दाणे, इतकेच काय रोजच्या चहातूनही मिळते. अन्नातून जास्त आले तर आतडे ते कमी शोषते आणि यकृत उरलेले पित्तावाटे बाहेर टाकते. म्हणून समतोल आहार घेणाऱ्या निरोगी माणसाने मँगॅनीजच्या निराळ्या गोळ्या घेण्याचे कारण नसते, आणि यकृताचा जुनाट विकार असणाऱ्यांनी तर त्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊच नयेत. त्यांच्या शरीरात ते साचू शकते.

श्वासावाटे जाणारी धूळ आणि धूर यांची गोष्ट मात्र वेगळी. ती वाट आतड्याचा पहारा चुकवते. ग्लासगोत विरंजक चूर्णाच्या कारखान्यात मँगॅनीजचे काळे ऑक्साइड दळणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडतात, आवाज खोल जातो, लाळ गळते, हे कूपर नावाच्या वैद्याने १८३७ साली नोंदवले. जेम्स पार्किन्सनने कंपवातावरचा आपला निबंध प्रसिद्ध केल्यास तेव्हा वीस वर्षे झाली होती. दोन आजार दिसायला सारखे, पण एक नव्हेत. मँगॅनीजची बाधा मेंदूच्या निराळ्या भागाला होते. तीत बहुधा आरंभी स्वभाव बदलतो, उगाच हसू वा रडू येते. पुढे चाल बिघडते, टाचा न टेकता चवड्यांवर चालल्यासारखी होते, माणूस मागे तोल जाऊन पडतो. विसाव्याची थरथर कमी असते आणि लेव्होडोपाचा टिकाऊ गुण सहसा येत नाही. पार्किन्सनमध्ये दुखणे बहुधा एका बाजूने सुरू होते, विसाव्याची थरथर ठळक असते आणि गोळीचा गुण स्पष्ट दिसतो.

“काका, तुमचं दुखणं उजव्या हातापासून सुरू झालं, गोळीनं तुम्ही बटणं लावू लागलात. तुम्ही धुळीत छिद्रं पाडत नव्हता, कचेरीत वही लिहीत होता. हे खाणीनं दिलेलं दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी एक हकीकत सांगितली, जिने बाबांची मान वर झाली.

१९६०च्या दशकात जॉर्ज कोट्झियस नावाचे ग्रीक वंशाचे डॉक्टर अमेरिकेत ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत शरीरातील मँगॅनीजच्या वाटचालीवर संशोधन करीत होते. त्यासाठी त्यांनी चिलीमधील मँगॅनीज खाणींतील बाधित कामगारांचा अभ्यास केला. त्यांच्या हालचाली पार्किन्सनच्या रुग्णांसारख्या का होतात, या कोड्याने त्यांना पार्किन्सनकडे वळवले. व्हिएन्नातील संशोधकांनी लेव्होडोपाचा तात्पुरता परिणाम त्याआधीच दाखवला होता. पण ते तोंडावाटे, अल्प मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेले तर रुग्ण टिकाऊपणे हिंडूफिरू लागतात, हे कोट्झियस यांनी १९६७ साली प्रसिद्ध केले. आज जगभर पार्किन्सनच्या रुग्णांना जी गोळी दिली जाते, तिच्या वाटेत खाणकामगारांची पावले उमटलेली आहेत.

बाबा बराच वेळ गप्प होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “म्हणजे खाणीतल्या लोकांपायी ही गोळी निघाली म्हणायची.” “काही अंशी, हो,” मी म्हटले. त्या रात्रीपासून उशीच्या खोळीत गोळी सापडली नाही.

मात्र त्यांच्या मनातील दुसरा प्रश्न मिटला नाही आणि तो मिटावा असे मलाही वाटत नाही. खाणीच्या तोंडाशी रेजा, म्हणजे मजूर स्त्रिया, हातोडीने दगड फोडून काळा निराळा आणि गुलाबी निराळा करीत. उन्हाळ्यात त्यांच्या पापण्यांवर धूळ बसलेली असे. बाबांना त्यांतल्या कितीतरी जणींची नावे अजून पाठ आहेत. “मी सावलीत बसून वही लिहिली. त्यांच्यापैकी कोणाची चाल बिघडली असेल तर गावात म्हातारपण म्हणून सोडून दिलं असेल,” ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून मी वसाहतीतल्या ओळखीच्या दोन कुटुंबांना फोन केला आणि एवढेच कळवले की घरातल्या जुन्या कामगाराची चाल, आवाज वा स्वभाव बदलला असेल तर तज्ज्ञांना दाखवा आणि दाखवताना त्याने पूर्वी कोणते काम केले ते आवर्जून सांगा. हीच विनंती वाचकांनाही आहे. खाणीत, खनिज दळण्याच्या गिरणीत, पोलादाच्या भट्टीवर किंवा वर्षानुवर्षे बंदिस्त जागी वेल्डिंग करणाऱ्या माणसाचे जुने काम हा त्याच्या प्रकृतीचा भाग असतो. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी डॉक्टर ते आपण होऊन विचारतीलच असे नाही. घरच्यांनी ते सांगावे.

आता घरातील गुलाबी दगडाविषयी काही व्यावहारिक गोष्टी.

अखंड दगड टेबलावर ठेवल्याने किंवा हाताळल्याने काही अपाय नाही. त्यातील मँगॅनीज सिलिकाशी घट्ट जखडलेले असते, ते त्वचेतून आत जात नाही. अपाय असतो तो धुळीचा. म्हणून असा दगड घरी कोरडा घासू वा फोडू नये. दगड ठेवलेले पाणी पिऊ नये. बाजारातील दगड पुष्कळदा रंगवलेले असतात, त्यांवर मेण वा लाखेचा थर असतो, फटींत काय भरले आहे ते कळत नाही. लिंबू किंवा ताक यांत तर ठेवूच नये; ऱ्होडोक्रोसाइटसारखे खनिज आम्लात विरघळते. जुन्या पिढीला विहिरीत टाकायची जांभळट पूड, पोटॅशियम परमँगनेट, आठवत असेल. तीही मँगॅनीजचीच; पण ती मोजून, पाणी शुद्ध करण्यासाठी टाकीत. एकाच धातूचे एक रूप अन्न, दुसरे जंतुनाशक, तिसरे विष आणि चौथे शोभेचा खडा असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती सुपारीएवढे वा त्याहून लहान खडे देऊ नयेत. ते तोंडात घातले जाण्याची भीती असते. पातळ झालेल्या त्वचेवर दगडांची घट्ट कांकणे रुततात, पायांवर सूज असणाऱ्यांच्या हातांनाही पुष्कळदा सूज असते, तेव्हा ती काढून ठेवावीत. जड दगड पलंगाच्या कडेला ठेवू नये. रात्री हात लागून तो पायावर पडतो.

लेव्होडोपाबद्दलही चार शब्द. ती घड्याळाच्या काट्यावर द्यावी. डॉक्टरांनी अन्यथा सांगितले नसेल तर जेवणाआधी अर्धा तास द्यावी, कारण डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने तिच्या शोषणात आडवी येतात. लोहाच्या गोळ्याही त्याच वेळी देऊ नयेत. कवचबीज, म्हणजे खाजकुहिलीचे बी, यात नैसर्गिक लेव्होडोपा असते. म्हणून त्याचे चूर्ण घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. आणि गोळी अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते, मग कारण दगड असो, उपवास असो वा मनातला एखादा सल.

बाबा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. आजार पुढे सरकतो आहे, हे मी नाकारीत नाही. दुपारच्या गोळीआधीचा अर्धा तास त्यांना जड जातो. त्या वेळी ते दगड मागतात. हात थांबवण्यासाठी नव्हे, तर त्याचा गारवा आणि वजन त्यांना आवडते म्हणून. घासलेल्या बाजूवर बोट फिरवत ते पाळीवरच्या माणसांची नावे क्रमाने म्हणतात. फिजिओथेरपी देणाऱ्या ताईंनी हे पाहिले आणि सांगितले की नावे मोठ्याने, छाती भरून म्हणा. आवाज बारीक होत जाणाऱ्या रुग्णांना मोठ्याने बोलण्याचा सराव हवाच असतो. तेव्हापासून रोज दुपारी आमच्या घरात हजेरी होते. परवा सोबतीच्या बाई दाराआडून प्रत्येक नावाला “हजर!” म्हणत होत्या आणि बाबा, कित्येक महिन्यांनी, खळखळून हसत होते.